चिखलदऱ्याच्या घाटातलं रॉकेट

दहावीतला माझा भाचा अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला आला, तो तोंड पाडूनच. शाळेच्या प्रदर्शनात त्यानं रॉकेटच्या इंजिनाचं मॉडेल मांडलं होतं. साधंसुधं नाही, एरोस्पाइक! परीक्षकांनी एवढंच विचारलं, "नेहमीच्या नॉझलपेक्षा हे बरं कसं?" आणि पठ्ठ्याची बोबडी वळली. चित्र पुस्तकातून उतरवलेलं, कारण कुणाला ठाऊक! पंधरा दिवसांनी तेच मॉडेल घेऊन तालुक्याला जायचं होतं.

"राहू दे ते. चिखलदऱ्याला जाऊन येऊ," मी म्हणालो.

सकाळची एस. टी. पकडली. स्टँडवर वेफर्सचं पाकीट आणि पाण्याची बाटली घेतली. वलगाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, मधूनच संत्र्याची बाग. परतवाडा सुटलं की सातपुडा एकदम समोर उभा राहतो. मग घाट, सागाचं जंगल आणि वळणंच वळणं. कानात दडे बसले. वर पोचता पोचता भाच्यानं पिशवीतून पाकीट काढलं, तर ते उशीसारखं टम्म!

"मामा, हे काऊन फुगलं?"

शेजारचे आजोबा हसले. "घाटात असंच होते ना बाप्पा!"

मुलांनो, पाकिटातली हवा अमरावतीचीच होती. अमरावती समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आतबाहेर, तर चिखलदरा अकराशेच्या आसपास. तेवढ्यात बाहेरच्या हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी उतरतो. बाहेरून दाबणारा हात सैल पडला, की आतली हवा पसरते.

आम्ही आधी भीमकुंड पाहिलं. कीचकाला मारून भीमानं इथं हात धुतले, असं सांगतात. तिथली खोल दरी बघून भाचा गप्पच झाला. नंतर देवी पॉइंटवर बसलो. समोर गाविलगड. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला. तोफा एवढ्या उंचावर कशा चढवल्या असतील, हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. पण भाच्याच्या डोक्यात पाकीटच होतं.

"म्हणजे रॉकेटच्या धुराचंही असंच होतं?"

अगदी असंच! इंजिनातून सुटणारा तापलेला वायू घंटेच्या आकाराच्या नॉझलमधून पसरत बाहेर पडतो. पण घंटा लोखंडी उशीसारखी. ती काही फुगत नाही. जमिनीलगतच्या दाट हवेसाठी आखूड केली, तर उंचावर वायू घंटेबाहेर फाकतो आणि जोर वाया जातो. उंचीसाठी मोठी केली, तर जमिनीवर बाहेरची हवा आत घुसू पाहते, वायू भिंतीपासून सुटतो आणि घंटा हादरून फुटूही शकते. म्हणून खालच्या टप्प्याला आखूड आणि वरच्याला मोठी घंटा, असा तोडगा काढतात.

एरोस्पाइकवाले म्हणाले, घंटाच उलटी करा. मधोमध एक सुळका, वायू त्याच्या अंगावरून वाहणार आणि बाहेरची भिंत म्हणजे खुद्द हवा! हवा दाट असेल तर ती वायूला सुळक्याशी दाबून धरते, विरळ झाली की आपोआप मोकळं सोडते. नॉझल जणू आपलं पाकीटच.

"मग सगळे तेच का नाही वापरत?"

हाच प्रश्न परीक्षक पुढं विचारणार, हे मला दिसत होतं. त्या सुळक्याला चहूबाजूंनी आग लागलेली असते. तो थंड ठेवायचा म्हणजे आतून बारीक नळ्या, जास्त वजन, जास्त खर्च. शिवाय रॉकेटचा पहिला टप्पा दोन-तीन मिनिटांतच दाट हवेबाहेर पडतो, मग फायदा तरी किती? अमेरिकेच्या एक्स-३३ या यानासाठी असं इंजिन बनलं, जमिनीवर चाललंही. पण यानाची इंधनटाकी फुटली आणि २००१मध्ये प्रकल्पच गुंडाळला. टेक्सासमधली फायरफ्लाय ही छोटी कंपनी २०१४मध्ये एरोस्पाइकचं स्वप्न घेऊन उभी राहिली. २०१६मध्ये पैसे संपले. पुन्हा सुरू झाली ती साध्या घंटेची चार इंजिनं घेऊन. २०२१चं पहिलं उड्डाण फसलं, २०२२मध्ये तिचं रॉकेट कक्षेत पोचलं. माझ्या मते त्यांनी शहाणपणा केला. भाच्याला ते पटलं नाही.

"जर्मनीवाल्यांनी तर उडत्या विमानात एरोस्पाइक चालवलं!" तो म्हणाला. खरंच होतं. २०२४च्या ऑक्टोबरात, बाल्टिक समुद्रावर; पण तीन सेकंदच. "तीन तर तीन!"

मॉडेल बदलणार का, यावर परतीच्या बसमध्ये आमची चांगलीच जुंपली. ते बदलायचं नाही, पण शेजारी एक घंटाही मांडायची, इथवर तो आला. परतवाड्याला उतरताना त्यानं रिकामी बाटली बाहेर काढली. देवी पॉइंटवर पाणी पिऊन तिचं बूच घट्ट लावलेलं. बाटलीच्या दोन्ही कुशी आत गेल्या होत्या.

"मामा, ही टाकू नका हं," तो म्हणाला. "ही टेबलावर ठेवतो."