इनामगाव: धान्य कुणाच्या अंगणात?

१/ प्राचीन खेडे म्हटले की सर्वांची घरे सारखी, सर्वांचे जिणे सारखे, असे चित्र मनात उभे राहते. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेले इनामगाव हे चित्र पुसून टाकते. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षांची ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली.

२/ जोर्वे काळातील या गावाचा आराखडाच बोलका आहे. मध्यभागी सुस्थितीतील शेतकऱ्यांची घरे. कुंभार, सोनार, चुना भाजणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला. बहुतेक घरे लहान. एक मात्र पाच खोल्यांचे आणि लगत धान्याचे कोठार. म. के. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचे घर मानले.

३/ पुराचे पाणी वळवण्यासाठी गावाने बांध घातला, पाट खोदला. हे एका कुटुंबाचे काम नव्हे. श्रम सर्वांचे, कोठार मात्र एकाच्या दाराशी! माझ्या गावी आजही पाटाच्या पाण्याची पाळी कोण ठरवतो, यावरून गावातला वजनदार माणूस ओळखता येतो. म्हणूनच हा आराखडा मला परका वाटत नाही.

४/ मृत्यूनेही भेद मिटवला नाही. प्रौढांना पुरताना घोट्याखालची पावले तोडण्याची प्रथा होती. परंतु त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात, मांडी घालून बसवलेला सुमारे चाळिशीचा पुरुष सापडला. त्याची पावले शाबूत होती.

५/ पुढे, इ.स.पू. १००० च्या सुमारास, हवामान कोरडे होत गेले असे अभ्यासक मानतात. शेती खालावली, शिकारीवरची भिस्त वाढली. प्रशस्त चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. अखेर गाव ओस पडले.

६/ समाजाची ‘गुंतागुंत’ हा शब्द आपण प्रगतीच्या अर्थाने सहज वापरतो. इनामगाव मला त्याची दुसरी बाजू दाखवते. पाण्यासाठी माणसे एकत्र आली, आणि त्याच एकत्र येण्यातून कुणीतरी वर बसला. तेव्हा एखाद्या उत्खननाचा नकाशा हाती आला, तर दागिन्यांआधी कोठार शोधावे, आणि त्यापासून कुंभाराचे घर किती दूर आहे, हे मोजावे.