पूर्व कोणाची? : स्थलनामे, श्रेणी आणि अनुवाद

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या अनुवादविषयक अभ्यासपत्रिकेसाठी एका विद्यार्थिनीने एका फिनिश कथेचा तिच्या इंग्रजी भाषांतरावरून मराठी अनुवाद केला होता. कथेतील ‘ऑस्ट्रोबॉथ्निया’ या प्रदेशनामाला तिने ‘फिनलंडचा पूर्वेकडील प्रांत’ अशी तळटीप जोडली होती. नावाचे आरंभीचे पद पूर्वदिशावाचक आहे, एवढे तिने कोशावरून ताडले होते. मला टीप चोख वाटली. मी गुणही दिले. पुढे नकाशा उघडला तेव्हा ध्यानात आले, की हा प्रदेश फिनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. चूक तिच्यापेक्षा माझी अधिक होती. परंतु तिचे मूळ केवळ आमच्या अज्ञानात नव्हते.

या प्रदेशाचे फिनिश नाव ‘पोह्यान्मा’. त्यातील ‘पोह्या’चे अर्थ दोन : तळ आणि उत्तर. स्वीडिश नाव ‘ऑस्टरबोटेन’. म्हणजे बॉथ्नियाच्या आखाताच्या पूर्वेचा मुलूख. आखातापलीकडे, स्वीडनमध्ये, त्याचे जोडनाव ‘व्हेस्टरबोटेन’ आहेच. १८०९ पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्या अखंड राज्याच्या नकाशात ही पूर्व यथार्थ होती. राज्य विभागले, नाव राहिले. इंग्रजीने या स्वीडिश नावाचे लॅटिन वळणाचे रूप स्वीकारले. येथे ‘सत्ताधाऱ्यांनी लादलेले नाव’ असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण त्याच किनाऱ्यावर पिढ्यानुपिढ्या राहणाऱ्या स्वीडिशभाषकांचे ते घरचे नाव आहे, आणि स्वीडिश ही फिनलंडची दुसरी राष्ट्रभाषा आहे.

विशेषनाम केवळ निर्देश करते, गुण सांगत नाही, हे मिलचे मत आपण वर्गात शिकवतो. डार्ट नदीने प्रवाह बदलला तरी डार्टमथ हे नाव बदलण्याचे कारण नाही, हे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. निर्देशापुरते ते खरे आहे. पण अनुवादक नावाचा अर्थ उलगडू लागतो, त्या क्षणी ते पारदर्शक होते आणि त्यातून वस्तू न दिसता कोणे एके काळच्या पाहणाऱ्याची जागा दिसू लागते.

नावाहून वर्गनाम अधिक फसवे. त्याच अनुवादात एका वस्तीला कुठे ‘शहर’ तर कुठे ‘गाव’ म्हटले होते, कारण इंग्रजीत ‘सिटी’ आणि ‘टाउन’ आलटूनपालटून आले होते. फिनिशमध्ये या दोहोंसाठी ‘काउपुन्की’ हा एकच शब्द आहे. हेलसिंकीही काउपुन्की आणि जेमतेम हजार-दीड हजार वस्तीचे कास्किनेनही काउपुन्कीच. शहरे आणि इतर पालिका यांच्यातील कायदेशीर भेद तेथे १९७७ पासून उरलेला नाही. म्हणजे मराठी वाचकाला जाणवलेली उच्चनीच श्रेणी मूळ कथेत नव्हतीच. ती वाटेत उत्पन्न झाली.

‘माकुन्ता’ या शब्दाचे याहून निराळे होते. हॅमे, साव्हो यांसारख्या ऐतिहासिक भूभागांनाही तो लागतो आणि आजच्या १९ प्रशासकीय विभागांनाही. इंग्रजी पहिल्यांना ‘प्रॉव्हिन्स’ म्हणते, दुसऱ्यांना ‘रीजन’. शिवाय २००९ च्या अखेरीस रद्द झालेल्या ‘लॅनी’ या शासकीय घटकालाही ‘प्रॉव्हिन्स’च म्हणत. मराठीत या सर्वांना ‘प्रांत’ म्हटले, की स्मृती आणि प्रशासन यांतला भेदच पुसला जातो.

दुरुस्तीही नेहमी निर्दोष असते असे नाही. तुर्कु शहराभोवतालचा ‘वार्सिनाइस-सुओमी’, म्हणजे ‘खरा, मूळचा फिनलंड’, इंग्रजीत पूर्वी ‘फिनलंड प्रॉपर’ होता. आता तो ‘साउथवेस्ट फिनलंड’ झाला आहे. ही दिशा नकाशाशी जुळते. पण ‘फिनलंड’ हे नाव आरंभी या नैर्ऋत्य कोपऱ्यापुरतेच होते आणि तेथून ते देशभर पसरले, ही नावात साठलेली हकिकत त्या अचूकपणात गेली.

जगाचे बरेचसे साहित्य आपण इंग्रजीतून वाचतो आणि इंग्रजीला काच समजतो. ती काच नव्हे. तिच्यावर तिचे स्वतःचे नकाशे कोरलेले आहेत. त्याला तातडीचा पर्याय माझ्यापाशी नाही, कारण फिनिश मलाही येत नाही. तथापि वर्गात आता एक नियम पाळतो : परक्या स्थलनामावर तळटीप देताना ते नाव कोणत्या भाषेतून आले आणि ते ठेवणारा कोठे उभा होता, हे आधी सांगावे, अर्थ मागाहून. त्या जुन्या टीपेचे गुण मात्र मी कमी केलेले नाहीत. ते कमी करायचे तर आधी माझे करावे लागतील.