तीस लाइफ, दहा लाइफ

नव्वदच्या दशकातल्या, सांगलीजवळच्या माधवनगरात रात्र शांत नसायची. मागांची पाळी चालू असेपर्यंत गल्ल्यागल्ल्यांतून खटखट वाहत राहायची आणि आम्ही तिच्यातच जेवायचो, पाढे म्हणायचो, झोपायचो. पाहुण्यांना आमच्याकडे पहिल्या रात्री झोप लागत नसे. आम्हाला त्यांच्या गावी लागत नसे. वीज गेली की मात्र सगळं एकदम थांबे. माग थांबत, पंखा थांबे आणि टीव्हीच्या पडद्यावर बर्फाळ मैदानापर्यंत पोचलेला आमचा निळ्या पँटचा उघडाबंब सैनिक बंदुकीसकट नाहीसा होई. खेळ जिथे थांबला तिथून पुढे सुरू करायची सोय त्या यंत्रात नव्हती. वीज आली की पुन्हा पहिल्या जंगलापासून.

तो गेम म्हणजे कॉन्ट्रा. कोनामी या जपानी कंपनीनं तो 1987 मध्ये नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी काढला आणि 1988 मध्ये घरच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी. आमच्यापर्यंत ते मूळ यंत्र कधी आलंच नाही, आली ती त्याची नक्कल. हलकं प्लास्टिक, वायरीनं बांधलेले दोन रिमोट आणि वरून खुपसायची कॅसेट. कॅसेट रुसली की तिच्या तोंडात फुंकर मारायची, हे आम्हाला कुणी शिकवलं ते आठवत नाही. सगळ्या गावाला ते येत होतं. कॅसेटवर गेमचे आकडे छापलेले असत, शेकड्यांनी आणि हजारांनी. आत पाहावं तर मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. यादीत चार-पाच कॉन्ट्रा असत. एक जंगलापासून सुरू होई, एक थेट धबधब्यापासून, एकात चांगली बंदूक आधीच हातात. दुसरा भाग म्हणजे असाच काहीतरी असतो, अशी आमची तेव्हाची समजूत होती.

गोष्ट विज्ञानकथेची होती, पण ते कळायला बरीच वर्षं गेली. जपानी कथेत साल आहे 2633. न्यूझीलंडजवळच्या गलुगा नावाच्या कल्पित बेटांवर रेड फाल्कन या टोळीनं तळ ठोकलाय, तिच्यामागे परग्रहावरचे जीव आहेत आणि त्यांच्याशी लढायला फक्त दोन सैनिक पाठवलेत. अमेरिकेत विकताना हीच गोष्ट वर्तमानात आणून अमेझॉनच्या जंगलात नेऊन ठेवली. युरोपात माणसं काढून त्यांच्या जागी यंत्रमानव घातले आणि नाव दिलं प्रोबोटेक्टर. आमच्या कॅसेटसोबत पुस्तिकाच नव्हती, त्यामुळे आम्ही या सगळ्या भानगडींतून सुटलो. सुरुवातीलाच पाणी लागतं. त्यात उतरून खालचं बटण दाबलं की सैनिक डोक्यासकट बुडी मारतो आणि गोळ्या वरून निघून जातात. कृष्णेत पोहायला शिकलेल्या पोरांना ही युक्ती सांगावी लागली नाही.

गेम कठीण होता. एक गोळी लागली की एक लाइफ गेली. लाइफ तीन, आणि त्या संपल्या की पुन्हा उभं राहण्याच्या संधीही मोजक्याच. पण हा कठीणपणा लहरी नव्हता. बहुतेक शत्रू ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी येत, त्यामुळे जंगलाची लेव्हल हळूहळू पाठ होत जाई. कसलेला कामगार चार माग एकदम चालवताना कुठल्या मागावर सूत तुटलं ते आवाजावरूनच ओळखतो. तसा आमचाही कान तयार झाला होता. पाठीमागे पडदा न पाहता बसलेली आजीसुद्धा सांगायची, "गेला बघ तुझा माणूस."

मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते तिसऱ्या लेव्हलबद्दल. तिथे धबधबा आहे आणि उड्या मारत सरळ वर चढायचं असतं. दोघं खेळत असाल तर जो वर जाईल त्याच्याबरोबर पडदा वर सरकतो, आणि जो खाली राहिला तो पडद्याच्या काठाखाली जाऊन मरतो. त्याला शत्रूची गोळी लागलेली नसते, जोडीदाराची घाई लागलेली असते. लाल पँटचा सैनिक माझ्या धाकट्या बहिणीचा. तिची उडी नेहमी अर्धी पडायची. "थांब की रे दादा!" हे वाक्य आमच्या घरात त्या काळात मागांच्या खटखटीइतकंच ऐकू येई. मी थांबत नसे. तरीही ती खेळत राहिली, कारण तिच्याकडे तीस लाइफ होत्या.

या तीस लाइफची एक गंमत आहे. गेम सुरू व्हायच्या आधी रिमोटवरची बटणं ठरलेल्या क्रमानं दाबली की तीनाऐवजी तीस लाइफ मिळत: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. दोघं खेळणार असाल तर मग सिलेक्ट, आणि शेवटी स्टार्ट. सांगलीच्या गेम पार्लरमध्ये तासावर पैसे मोजणाऱ्या मोठ्या पोरांकडून हा मंत्र माधवनगरात आला आणि शाळेतल्या कुठल्याही पाठांतरापेक्षा पक्का बसला. त्याचा कर्ता काझुहिसा हाशिमोतो. 1986 मध्ये ग्रेडियस नावाचा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करताना, तपासणीसाठी का होईना, तो त्याला स्वतःलाच खेळता येईना. म्हणून त्यानं ही बटणांची ओळ आत घालून ठेवली, आणि विकायच्या आवृत्तीतून ती काढायची राहून गेली. कोनामीनं पुढे तीच ओळ आपल्या कितीतरी गेममध्ये मुद्दाम ठेवली. हाशिमोतो 2020 मध्ये वारला. त्या विसराळूपणाचे आभार मानणारी पोरं जगभर किती असतील, कोण जाणे.

कॉन्ट्राचा खरा दुसरा भाग, सुपर कॉन्ट्रा, आमच्याकडे उशिरा आला. मावसभावानं सुट्टीत मुंबईहून आणला. मशीनवर तो 1988 चा, घरच्या यंत्रावर 1990 चा; अमेरिकेत त्याचं नाव नुसतं सुपर सी. तिथल्या कॅसेटमधली जागा पहिल्याच्या दुप्पट, म्हणजे 128 किलोबाइटऐवजी 256. मशीनवरच्या आवृत्तीत पाचच लेव्हल होत्या, घरच्या आवृत्तीसाठी त्या आठ केल्या. पहिल्याच पडद्यावर आम्ही गप्प झालो. जमिनीला उतार होता! पहिल्या कॉन्ट्रात सगळं पायऱ्यापायऱ्यांचं, सपाट. इथे सैनिक चढावर चढतो, उतारावर उतरतो. पहिल्यात एफ लिहिलेली बंदूक मिळाली की तोंड वाकडं व्हायचं, कारण तिची आग गोल गोल फिरत भलतीकडे जाई. इथे तीच एफ, बटण दाबून धरलं की फुगते आणि सोडलं की समोरचं सगळं फोडून टाकते. पहिल्यात दोन लेव्हल पाठीमागून दिसणाऱ्या भुयारातल्या होत्या. त्या जाऊन इथे दोन लेव्हल आकाशातून खाली पाहिल्यासारख्या आल्या, आठही दिशांना गोळ्या मारता येणाऱ्या. त्यातली दुसरी तर मांसाच्या जमिनीवरून चालल्यासारखी, किळसवाणी आणि देखणी.

कारागिरी म्हणून पाहिलं तर दुसरा भाग सरस आहे, यात मला शंका नाही. चित्रं भरीव, संगीत जोरकस, हालचाल सफाईची. पहिल्याच्या शेवटी धडधडणारं एक काळीज फोडायचं असतं आणि ते अनेकदा फारच लवकर फुटतं; दुसऱ्याचा शेवट तसा स्वस्तात मिळत नाही. उगाच ताणलेला, पहिल्याच्या नावावर विकलेला दुसरा भाग हा नव्हेच.

पण त्याची गुपितं मोजूनमापून आहेत. उजवं, डावं, खाली, वर, ए, बी. एवढं करून मिळतात दहा लाइफ. तिसाच्या दहा झाल्या आणि आमच्या घरातली जोडी मोडली. दहा लाइफ मला पुरायच्या, निदान सहाव्या लेव्हलपर्यंत. बहिणीच्या दुसऱ्या लेव्हलमध्येच संपायच्या. मग ती रिमोट मांडीवर ठेवून बघत बसे, आणि थोड्या वेळानं उठून जाई. तिनं कधी तक्रार केली नाही. पुढे पुढे तिनं बसणंच सोडलं.

मावसभावाचं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी अजून पूर्ण खोडून काढू शकलेलो नाही. तो म्हणायचा, तीस लाइफ म्हणजे कॉपी करून पास होणं. हाताशी तीस असल्या की माणूस गोळी चुकवतच नाही, मरत मरत पुढे जातो. दहामध्ये मात्र उडी कधी मारायची हे खरोखर शिकावं लागतं. तो शिकला. सुपर कॉन्ट्रा त्यानं एका सुट्टीत संपवला, त्याच्याजवळ बसून मीही शिकलो, आणि आमची जोडी चांगली जमली. दोन बरोबरीच्या खेळाडूंना त्या गेमनं जे दिलं ते पहिल्यानं कधी दिलं नाही. खोट एवढीच की त्याला दोघं बरोबरीचेच लागतात. पहिल्या कॉन्ट्रात एक कच्चा आणि एक पक्का शेजारी बसू शकत होते, भांडत का होईना, शेवटच्या काळजापर्यंत. बेट फुटतं तेव्हा निळ्या पँटच्या सैनिकाबरोबर लाल पँटचाही बाहेर पडलेला असावा, एवढा उदारपणा त्या तीस लाइफमध्ये होता. तो कोनामीनं ठरवून ठेवला होता असं मी म्हणणार नाही. हाशिमोतोच्या हातून राहिलेली ती ओळच मुळात त्यानं स्वतःच्या सोयीसाठी लिहिली होती.

हे दोन्ही गेम आज सहज मिळतात. कोनामीनं 2019 मध्ये काढलेल्या कॉन्ट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शनमध्ये ते शेजारी शेजारी आहेत, आणि आता खेळ मध्येच साठवूनही ठेवता येतो. वीज गेली तरी जंगलापासून सुरुवात नाही. एकटे असाल किंवा तोडीचा जोडीदार असेल तर सुपर कॉन्ट्रा लावा, आणि जमलं तर त्या दहा लाइफही घेऊ नका. घरात लहान कुणी असेल तर मात्र पहिला कॉन्ट्रा लावा, दोघांसाठी तीस तीस लाइफ घ्या आणि धबधब्यावर जरा थांबा.