नायक कुणाचा? लेखकाचा की वाचकांचा?

मालिका आवडेनाशी झाली की वाचक काय करतो? अंक घेणं बंद करतो. पण जर्मनीतल्या ‘पेरी रोडान’ या विज्ञान-साहसकथामालेच्या वाचकांची तऱ्हाच वेगळी. त्यांनी अंक घेणंही सोडलं नाही आणि भांडणंही!

८ सप्टेंबर १९६१ रोजी म्युनिकच्या मोएविग प्रकाशनाने या मालेची पहिली पुस्तिका बाजारात आणली. स्वस्त कागद, साठेक पानं, रंगीत मुखपृष्ठ. बर्लिनची भिंत उभी राहू लागून तेव्हा महिनाही झाला नव्हता. अणुयुद्धाच्या भीतीने लोकांची झोप उडाली होती. अशा वेळी कथेतला मेजर पेरी रोडान १९७१ साली चंद्रावर उतरतो. तिथे अडकून पडलेल्या परग्रहवासीयांचं प्रगत तंत्रज्ञान त्याच्या हाती लागतं. ते तो स्वतःच्या देशालाही देत नाही. थेट गोबीच्या वाळवंटात यान उतरवतो, अणुयुद्ध रोखतो आणि सगळ्या माणसांना एका झेंड्याखाली आणायला निघतो. दुभंगलेल्या देशातल्या वाचकाला हे स्वप्न भावलं नसतं तरच नवल!

के. एच. शेर आणि वाल्टर एर्नस्टिंग हे मालेचे जनक. एर्नस्टिंग ‘क्लार्क डार्लटन’ या इंग्रजी नावाने लिहीत. सुरुवातीच्या काळात प्रकाशकाला फक्त इंग्रजीवरून भाषांतरित कथाच हव्या होत्या, म्हणून त्यांनी स्वतःची कादंबरी भाषांतर म्हणून खपवली होती! ‘पेरी रोडान’ तीस-पन्नास अंकांत आटोपायची, असा मूळ बेत होता. पण वाचकांनी ती आटोपू दिली नाही.

आणि मग सुरू झाली मतमतांतरं. शेर यांच्या कथांत तोफा, आरमारं आणि लढायांची रेलचेल. चाहत्यांनी त्यांचं नावच ‘हातबॉम्बवाला हर्बर्ट’ असं पाडलं. कुणी ते कौतुकाने म्हणे, कुणी वैतागाने. ‘एवढं लष्करी वातावरण मुलांच्या हाती द्यायचं का?’ असा सवालही टीकाकार करू लागले. दुसरीकडे गुकी. अर्धा उंदीर, अर्धा बीव्हर, एकच दात, पण मन वाचण्यात पटाईत. एर्नस्टिंग यांच्या या खट्याळ प्राण्यावर कित्येक वाचकांचा जीव. उलट, ‘गंभीर कथेत हा पोरखेळ कशाला?’ म्हणणारेही होतेच.

या भांडखोर वाचकांतूनच एक लेखक पुढे आला. त्याचं नाव विल्यम फोल्ट्स. जन्म १९३८ चा. विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या मंडळात वावरलेला हा तरुण १९६३ मध्ये ७४ व्या अंकाने मालेचा लेखक झाला. पुढे वाचकांच्या पत्रांचं पानही त्याच्याकडे आलं. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात काय असतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अर्थात, वाचकाने पत्र टाकलं आणि पुढच्याच आठवड्यात कथा वळली, असं होणं शक्य नव्हतं. कथानकाचा आराखडा आधी ठरे, त्यावरून वेगवेगळे लेखक एकेक अंक लिहीत, आणि अंक छापून येण्याच्या कितीतरी आधी हातात तयार असत. पण १९७० च्या दशकात आराखड्याची सूत्रं शेर यांच्याकडून फोल्ट्सकडे आली आणि मालेचा सूर बदलला. लढाया मागे पडल्या. ‘हे विश्व कुणी रचलं आणि त्यात माणसाची जागा कोणती?’ असे प्रश्न पुढे आले. १९७८ पासून जुने अंक जाड पुस्तकांच्या रूपात निघू लागले, तेव्हा वाचकांना खटकणाऱ्या विसंगती आणि अनावश्यक मारामारी त्याने कात्री लावून काढली.

सगळे खूश झाले? छे! ‘शेर यांच्या वेळची मजा गेली. आता नुसतं तत्त्वज्ञान!’ अशी कुरकुर सुरू झाली. १९८० मध्ये हजारावा अंक निघाला, तो फोल्ट्सनेच लिहिला. त्या वर्षी मानहाइममध्ये चाहत्यांचं मोठं संमेलन भरलं. तिथे जमलेल्यांत कौतुक करणारे होते, तसे कुरकुरणारेही असणारच. नाराज असले तरी घरी बसतील, ते या मालेचे वाचक कसले?

२४ मार्च १९८४ रोजी फोल्ट्स गेला. वय अवघं ४६. त्याने मांडलेला डाव अर्धाच राहिला. तो पुढे न्यायची जबाबदारी सहकारी लेखकांनी उचलली. पेरी रोडानला कथेत अमरत्व मिळालं होतं, पण ते लिहिणाऱ्याला कुठून मिळणार?

माला मात्र थांबली नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिचा तीन हजारावा अंक आला. एव्हाना पहिल्या अंकाचे वाचक आजोबा झाले होते. नवे लेखक आले, तशा नव्या तक्रारीही आल्या. त्यांत जुन्याजाणत्या वाचकांची एक तक्रार ठरलेली असते, ‘फोल्ट्सच्या काळची गोडी आता राहिली नाही!’

शेर यांच्या काळची मजा घालवली म्हणून ज्याला बोल लावले, त्याच फोल्ट्सच्या नावाने आता उसासे! घरातलं माणूस असतानाही आपण असंच करतो. वाचकांनी पेरी रोडानला घरातलाच मानला, याचा याहून वेगळा पुरावा कशाला हवा?