भाड्याचं विमान, वाटणीचं विमान

लायसन्स हातात आलं की अमेरिकेतल्या हौशी वैमानिकापुढे पहिला प्रश्न येतो तो विमानाचा. शिकत असताना हा प्रश्न नसतो. विमान शाळेचं, इन्स्ट्रक्टर शाळेचा, आणि कायद्यानं किमान ४० तासांचं उड्डाण. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बरेच जास्त तास लागतात. परीक्षा झाली की शाळा पुढच्या मुलाकडे वळते आणि आपण उरतो, खिशात कार्ड घेऊन. स्वतःचं विमान घेणं नोकरी करणाऱ्या माणसाला सहसा झेपत नाही. हँगरचं भाडं, विमा, दरवर्षीची तपासणी, हे सगळं विमान जागचं हललं नाही तरी चालूच राहतं. मग दोन वाटा उरतात. तासाच्या हिशेबानं विमान भाड्यानं घ्यायचं, नाहीतर फ्लाइंग क्लबात वाटा घ्यायचा. न्यू जर्सीत मी दोन्ही केलं आहे आणि दोन्हीकडे विमान एकाच जातीचं मिळालं: सेस्ना १७२. १९५५ साली पहिल्यांदा उडालेलं हे चार जणांचं विमान आजवर ४४ हजारांहून जास्त बनलं आहे, त्यामुळे जगात कुठेही शिकायला गेलं तरी त्याची गाठ पडण्याची शक्यता दांडगी.

यातलं काय परवडतं, असं मला पुष्कळ जण विचारतात. मला वाटतं, आपण पैसे कशाचे मोजतो यावरून आपल्या हाताला कसली सवय लागते, हे आधी बघायला हवं.

भाड्याच्या विमानात हॉब्ज नावाचा मीटर असतो. बहुतेक विमानांत इंजिनमध्ये तेलाचा दाब आला की तो सुरू होतो आणि इंजिन बंद होईपर्यंत घड्याळाच्या वेगानं चालतो. तुम्ही आकाशात आहात की धावपट्टीच्या तोंडाशी चौथ्या नंबरवर उभे आहात, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. उड्डाणाआधी इंजिन १७०० फेऱ्यांवर नेऊन दोन्ही मॅग्नेटो तपासायचे, कार्ब्युरेटर हीट ओढून बघायचं, यंत्रं, कंट्रोल, ट्रिम, दारं. ही सगळी तपासणी शांतपणे करायची असते, आणि ती करताना डोळ्यांसमोर मीटरचा आकडा सरकत असतो. कुणी तसं कबूल करणार नाही, पण त्या आकड्यानं हात थोडा लवकर चालतो. इंजिन गरम व्हायला आणखी दोन मिनिटं द्यावीत असं वाटत असतं आणि ती दिली जात नाहीत.

आमच्या क्लबात पैसे टॅकवर घेतात. टॅकोमीटरला जोडलेला हा मीटर इंजिनच्या फेऱ्या मोजतो. क्रूझच्या फेऱ्यांना त्याचा एक तास म्हणजे खरा एक तास. जमिनीवर हजार फेऱ्यांनी इंजिन नुसतं गुरगुरत असताना तो अर्ध्याहूनही कमी वेगानं सरकतो. म्हणजे तपासणीची मिनिटं जवळजवळ फुकट. क्लबात आल्यावर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मी चेकलिस्ट पुन्हा मोठ्यानं वाचायला लागले आहे, इन्स्ट्रक्टर शेजारी असताना वाचायचे तशी. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीटर बदलला होता.

पैशाचा हिशेब थोडक्यात सांगते. समजा, भाडं तासाला १७५ डॉलर आहे. क्लबात तासाला ११५ आणि शिवाय महिन्याची वर्गणी १२५, म्हणजे वर्षाला १,५००. तासामागे ६० वाचतात, तर वर्षाला २५ तास उडाल्यावर दोन्ही बाजू सारख्या होतात. टॅकचा फायदा धरला तर विसाच्या आसपासच. आत शिरताना भरावी लागणारी वाट्याची रक्कम वेगळी, पण ती बऱ्याच क्लबांत बाहेर पडताना पूर्ण किंवा काही प्रमाणात परत मिळते. आकडे गावोगावी बदलतील. हिशेबाची रीत हीच.

वर्गणी भरली की आणखी एक गोष्ट होते. पैसे गेलेलेच असतात, मग शनिवारी सकाळी आभाळ मोकळं दिसलं की माणूस विमानतळावर जातो. भाड्यानं उडणाऱ्याचं उलटं होतं: या महिन्यात खर्च बराच झाला, पुढच्या महिन्यात बघू. पुढचा महिना पावसाचा निघतो, त्याच्या पुढचा बर्फाचा. प्रवासी घेऊन उडायचं तर मागच्या ९० दिवसांत तीन वेळा उडून उतरलेलं असलं पाहिजे, एवढाच कायद्याचा आग्रह आहे. तीन लँडिंग एका दुपारी पंचवीस मिनिटांत होतात. आई साताऱ्याहून आली तेव्हा तिला हडसन नदीवरून मॅनहॅटन दाखवायचं मी ठरवलं होतं. तिथे १,३०० फुटांच्या खाली राहून, उत्तरेकडे जाताना न्यूयॉर्कचा किनारा आणि दक्षिणेकडे जाताना जर्सीचा किनारा धरून, १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर प्रत्येक ठरलेल्या ठिकाणी आपण कुठे आहोत ते स्वतःच पुकारत जायचं असतं. कंट्रोलर तिथे विमानांना वेगळं ठेवत नाही. पुढे हेलिकॉप्टर, मागे दुसरं सेस्ना, आणि डोळे बाहेर. असलं काम तीन लँडिंगच्या शिदोरीवर आईला शेजारी बसवून करू नये. क्लबात असल्यामुळे मी त्या ऋतूत जवळजवळ दर आठवड्याला उडत होते, म्हणूनच तिला नेलं. स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा तिच्या बाजूला आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, हा तर हिरवा आहे!" आणि मग परत येईपर्यंत गप्प, खाली बघत.

हवामानाच्या बाबतीत तर दोन्ही वाटांमधला फरक अंगावर येतो. भाड्याचं विमान रात्रभर बाहेर ठेवलं तर बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान दोन-तीन तासांचं भाडं द्यावं लागतं, उडा किंवा न उडा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्याच विमानावर कुणा विद्यार्थ्याचा धडा असतो. ही मालकाची लबाडी नाही. विमान उडालं तरच त्याचं पोट भरतं. पण हे ओझं वैमानिकाच्या मनावर येतं, आणि तेही ढग उतरत असताना, जेव्हा मनावर काहीच नको असतं. ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यासमोर ब्लॉक आयलंड आहे, अडीच हजार फुटांची धावपट्टी असलेलं छोटं बेट. उन्हाळ्याच्या सुरुवातीला थंड पाण्यावरून तिथे धुकं असं येतं की तासाभरापूर्वी दिसणारी मुख्य भूमी पुसली जाते. एका रविवारी आम्ही तिथे अडकलो. सोमवारी विमान क्लबातल्या एका निवृत्त शिक्षकांच्या नावावर होतं. त्यांना फोन केला, तर त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. धुकं उठेपर्यंत तिथेच राहा, मी पुढच्या आठवड्यात जाईन, आणि रात्री दोऱ्या नीट बांध, तिथे वारा फिरतो, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवलाही. मंगळवारी दुपारी लख्ख उन्हात परत आलो. ते स्वतः त्या बेटावर कधीतरी असेच अडकले असणार.

आता भाड्याची बाजू, कारण ती मला मनापासून मांडायची आहे. भाड्याच्या विमानाची निगा वाईट असते हा समज चुकीचा आहे. शाळा स्वतःचं विमान देऊन पैसे घेऊन शिकवते, तेव्हा त्या विमानाची दर १०० तासांनी तपासणी सक्तीची असते. नुसत्या सभासदांसाठीच्या क्लबाला वर्षाची एक तपासणी कायद्यानं पुरते. चांगले क्लब स्वतःहून १०० तासांचा नियम पाळतात, सगळे नाहीत. शिवाय भाडेकरूवर बैठकांचं, वर्गणीचं, भांडणांचं ओझं नाही. नवी नोकरी, दुसरं गाव, घरात तान्हं मूल, असं काही असेल तर भाडंच बरं. फक्त विम्याची गोष्ट डोळे उघडे ठेवून बघावी. विमान भाड्यानं देणाऱ्याचा विमा त्यालाच सांभाळतो. तुमच्या हातून पंख घासला, तर विमेवाले आधी मालकाला भरपाई देतात आणि नंतर ती वसूल करायला तुमच्याकडे येऊ शकतात. म्हणून भाड्यानं उडणाऱ्यानं स्वतःचा वेगळा विमा काढावाच. बहुतेक क्लबांत सभासदांची नावं विम्याच्या कागदावरच असतात, पण "बहुतेक" या शब्दावर विसंबू नये. कागद मागून घ्यावा.

क्लबानं मला जे शिकवलं ते मुख्यतः हँगरमध्ये शिकवलं. अमेरिकेत लायसन्स असलेल्या वैमानिकाला, तो स्वतः ज्याचा मालक किंवा चालक आहे अशा विमानाची काही साधी कामं करायची परवानगी आहे: तेल बदलणं, टायर बदलणं, प्लग काढून साफ करणं. करायचं आणि लॉगबुकात लिहून सही करायची. आमच्याकडे हे काम गटानं होतं, जाणता सभासद शेजारी उभा राहतो. चार सिलिंडर, प्रत्येकाला दोन, असे आठ प्लग. ते काढून कुठला कुठल्या भोकातला हे कळेल असे फळीवर ओळीनं मांडतात. वरचे चार बरे असतात. खालच्या चारांत करड्या रंगाचे कठीण खडे अडकलेले असतात, ते शिसं. विमानाच्या निळ्या १००एलएल पेट्रोलमध्ये अजूनही शिसं असतं, आणि जमिनीवर हवेच्या मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवून इंजिन थंडपणे चालवलं की ते पुरतं बाहेर पडत नाही, प्लगवर बसतं. मग एके दिवशी मॅग्नेटो तपासताना इंजिन थडथडतं आणि फेऱ्या १२५ पेक्षा जास्त पडतात.

पेट्रोल धरून भाडं दिलं की मिश्रणाचा लाल दांडा मागे ओढून पेट्रोल वाचवण्याची निकड राहत नाही. परीक्षेपुरतं शिकलेलं असतं, पण अंगवळणी पडत नाही. फळीवरचे ते खालचे चार प्लग स्वतःच्या हातानं कोरले, नखात काळं गेलं, की पुढच्या वेळी टॅक्सी करताना हात आपोआप लाल दांड्याकडे जातो. तेल बदलताना जुना फिल्टर कापून त्याची घडी उलगडतात आणि उन्हात धरून धातूचा कण चमकतो का ते बघतात. भाड्याच्या विमानाचा फिल्टर कुणीतरी असाच बघत असतं. पण समुद्रावरून जाताना, खाली उतरायला जागा नसताना, तो आपण बघितलेला असणं वेगळं.

प्लग हातात घेतला की मला १९३० सालची गोष्ट आठवते. इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर, कुठल्याही दिशेनं, एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनियर इंग्लंडकडून येत होते. इजिप्तमध्ये अबुकिरला अस्पी प्लगसाठी अडकून पडलेले दिसले, तेव्हा जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. बक्षीस अस्पींनी जिंकलं, काही तासांच्या फरकानं. पुढे ते भारताचे हवाईदलप्रमुख झाले. जेआरडी हे १९२८ साली निघालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबाचे विद्यार्थी. फेब्रुवारी १९२९ मध्ये देशातलं पहिलं वैमानिक लायसन्स त्यांना मिळालं. आज आपल्याकडे फ्लाइंग क्लब म्हटलं की कमर्शियल लायसन्सचे २०० तास भरायला आलेली मुलं डोळ्यांसमोर येतात, आणि त्या मुलांची गरजही खरी आहे. पण प्लग देणारी ती जात क्लबात तयार होते, हे मी माझ्या हँगरमध्ये रोज बघते.

वाटणीत दुखणीही येतात. नवा रंग लावायचा की नवा जीपीएस बसवायचा, यावर आमच्या बैठका रात्री दहापर्यंत चालल्या आहेत. सर्वांत मोठं दुखणं इंजिनचं. आमच्या १६० अश्वशक्तीच्या लायकमिंगला बनवणाऱ्यानं २,००० तासांनी ओव्हरहॉल करायला सांगितलं आहे, आणि त्याचा खर्च हजारो डॉलरांत जातो. शहाणा क्लब प्रत्येक तासाच्या पैशातून काही रक्कम त्यासाठी बाजूला ठेवतो. जो ठेवत नाही त्याचा तासाचा दर स्वस्त दिसतो, आणि एके दिवशी प्रत्येक सभासदाला चिठ्ठी येते. स्वस्त क्लबाची मला त्यामुळेच भीती वाटते.

माझं मत असं: शिकताना आणि लायसन्सनंतरचं पहिलं वर्षभर भाड्यानं उडावं, आपण खरंच किती उडतो ते तेवढ्यात कळतं. महिन्यातून दोनदा उडणं होत असेल तर क्लब शोधावा. वर्षातून चार-पाच वेळाच होत असेल तर भाडंच ठीक, पण दर वेळी इन्स्ट्रक्टर शेजारी घ्यावा. आणि क्लबाला पैसे देण्याआधी इंजिनचं लॉगबुक, इंजिननिधीची शिल्लक आणि एका विमानामागे किती सभासद आहेत हे विचारा. मग कागदांवर सही करण्याआधी एखाद्या शनिवारी तेल बदलायला हजर राहा. जो क्लब पाहुण्याच्या हातात पाना देतो, त्याचं सभासद व्हायला हरकत नाही.