मधला गड

खेड तालुक्यात एकाच डोंगररांगेवर तीन गड आहेत. रसाळगडावर तोफा, महिपतगडावर विस्तीर्ण पठार. मधला सुमारगड लहान, खडकाळ. चढ अवघड म्हणून बरेच जण त्याला बगल देतात.

वीस वर्षांनी आखातातून परतलेल्या अब्बांना मात्र तोच चढायचा होता. “बेटा, हा नेहमी लांबूनच पाहिला.” कातळाच्या टप्प्यावर त्यांचे गुडघे थरथरले. मी हात दिला, त्यांनी तो धरला. तोवर आमची ओळख फोनवरचीच होती.

माथ्यावर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. जवळच सपाट जागा पाहून, बाटलीतल्या पाण्याने वुजू करून आम्ही जोहरची नमाज पढली. उतरताना अब्बांनी पहिल्यांदाच माझ्या नोकरीबद्दल विचारलं. मी खेड येईपर्यंत बोलत राहिले.