आमच्याही घरात

विदर्भातल्या शाळा इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. २०२३ सालची गोष्ट. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. सकाळी मुलाला अंघोळ घालताना त्याच्या दंडावर तीन लाल चट्टे दिसले. एका ओळीत, कोणी मोजून ठेवल्यासारखे. मी म्हटले, डास असेल. पावसाळ्यात अमरावतीत डासांना काय तोटा! रात्री मच्छरदाणी लावली. दुसऱ्या दिवशी पाठीवर आणखी चार.

मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवते, उर्दू माध्यमाच्या शाळेत. मच्छरदाणीच्या आत डास आला कुठून, हा प्रश्न माझ्या वर्गातल्या कोणत्याही पोराने विचारला असता. मला मात्र तो सुचला नाही, की सुचू द्यायचा नव्हता, कोण जाणे.

चौथ्या दिवशी चादर बदलताना गादीच्या शिवणीपाशी शाईसारखे बारीक काळे ठिपके दिसले. ओल्या फडक्याने पुसले तर तांबूस डाग पसरला. मोबाइलचा टॉर्च लावून पलंगाच्या फटी पाहिल्या. प्लायवुड जिथे सुटले होते तिथे तो बसला होता. मसुराच्या दाण्याएवढा, चपटा, तपकिरी. सेलोटेपवर चिकटवून मी तो खिडकीपाशी नेला. सहा पाय, पंख नाहीत. शंका उरली नाही. खटमल!

मी पहिले काम काय केले असेल? फ्लॅटचे दार आतून लावून घेतले. सासूबाईंनी तो टेप पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, “बेटा, किसी को बोलना मत.” मुलाच्या अब्बूंना सांगितले तर त्यांचेही तेच. वलगाव रोडवरची आमची इमारत बारा फ्लॅटची. तिथे मी ‘टीचर’ म्हणून ओळखली जाते. मुलांची नखे तपासणारी, दप्तरातला डबा धुतला का विचारणारी. तिच्याच घरात खटमल निघाले, तर लोक काय म्हणतील?

अकोल्याला माहेरी अशी लाज कोणी पाहिली नव्हती. जुन्या शहरात नानीचे मातीच्या भिंतींचे घर होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला, की एखाद्या दिवशी नानी घरातल्या सगळ्या बाजा अंगणात काढायची. चुलीवर पाणी उकळत असायचे. किटलीने ते खुरांच्या खोबणीत ओतायचे, मग बाज उचलून जमिनीवर आपटायची. ढेकणं टपटप खाली पडायची आणि आम्ही पोरं चपला घेऊन तयार. शेजारच्या खाला आपली बाज घेऊन यायच्या, “पाणी उरलं का?” म्हणून विचारायच्या. सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक असायचे की सगळ्यांकडे आहेत. मग लाजायचे कोणाला?

नानी आणखी एक गोष्ट सांगायची. ती लहान असताना पाठीवर पंप बांधलेले सरकारी माणसे भिंतींवर औषध मारायला यायची. पहिल्या फवारणीला डासांबरोबर ढेकणंही मेली, लोक खूश झाले. पुढे ढेकणं मरेनाशी झाली, तेव्हा बाया दार उघडायला तयार होईनात. पुढे वाचनात आले की ते डी.डी.टी. होते. १९५३ मध्ये देशात मलेरिया नियंत्रणाची मोहीम सुरू झाली आणि १९५८ मध्ये तिला निर्मूलनाचे रूप आले. ढेकणांनी ते औषध पचवायला शिकून घेतले, ते जगभरच. नानी निरक्षर होती, पण तिचे निरीक्षण बरोबर होते.

मी मात्र शिकलेली. मी बाजारातून फवाऱ्याचे दोन डबे आणले आणि दार लावून मारले. रात्री सगळे निजल्यावर गादी छतावर नेऊन झटकली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी पुन्हा चट्टे.

मग मी वाचायला बसले. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. तो माणसाच्या श्वासाच्या आणि अंगाच्या उबेच्या मागावर येतो, पाच-दहा मिनिटे रक्त पितो आणि फटीत परततो. मादी मिलिमीटरभराची पांढरी अंडी फटीत चिकटवते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत त्यांतून पिल्ले निघतात. मोठे होईपर्यंत पिल्लू पाच वेळा कात टाकते आणि दर वेळी त्याला रक्त लागते. बहुतेक औषधांना अंडी दाद देत नाहीत. उपाशी ठेवून मारू म्हटले तर तो काही महिने काढतो. तो चावल्याने खाज सुटते, झोप उडते, पण तो माणसामाणसांत रोग पसरवतो असे सिद्ध झालेले नाही. घाणीशीही त्याचे काही नाते नाही. त्याला रक्त पाहिजे आणि लपायला फट पाहिजे. स्वच्छ घरातले रक्तही त्याला तेवढेच चालते.

एक गोष्ट वाचून मात्र मी थांबले. एका घरात अर्धवट फवारणी केली, की ढेकूण भिंतीच्या भेगांतून, वायरिंगच्या पाइपातून शेजारी जातो. म्हणजे दार लावून मी जे मारले, त्याने काही मेले असतील आणि काही खाली गेले असतील. तरीही मी कोणाला बोलले नाही.

ऑगस्टमध्ये इशाच्या नमाजनंतर खाली पार्किंगमध्ये इमारतीची बैठक झाली. पाण्याच्या टाकीचा विषय संपला आणि सेक्रेटरी साहेबांनी घसा साफ केला. “एक बात और है. बिल्डिंग में खटमल हुए हैं.” क्षणभर सगळे गप्प. मग तिसऱ्या मजल्यावरच्या भाभी म्हणाल्या, “हमारे यहाँ तो नहीं हैं.” आमच्याकडेही नाहीत, आमच्याकडेही नाहीत, असे एकेक करत सगळे बोलले. आणि मग सगळ्यांचे डोळे तळमजल्याकडे वळले.

तळमजल्यावर भाड्याने राहणारे कुटुंब दर्यापूरकडच्या खेड्यातून आले होते. तो ऑटो चालवायचा, बायको घरी शिलाई करायची. त्यांची मुलगी पाचवीत, आमच्याच शाळेत. मार्चमध्ये त्यांनी इतवाऱ्यातून एक जुना पलंग आणला होता, तो सगळ्यांनी पाहिला होता. पुरावा तेवढाच. कोणी म्हणाले, गावाकडचे लोक. कोणी म्हणाले, घरात माणसे किती कोंबतात! घरमालकाला फोन करायचा ठरला. तो माणूस उभा राहून एवढेच म्हणाला, “साहब, हमारे यहाँ हैं, मैं नहीं बोलता नहीं. मगर हमीच लाए, ये कैसे?” त्याची बायको भिंतीशी उभी होती. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली.

मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. पदराखाली माझ्या मनगटावर दोन चट्टे होते.

हा फ्लॅट घेण्यापूर्वी आम्ही शहराच्या दुसऱ्या भागात घर शोधत होतो. दोन ठिकाणी सगळे ठरले, चहा झाला आणि नाव सांगितल्यावर घर ‘पाहुण्यांना दिले’ गेले. एका ठिकाणी बाईंनी स्पष्ट विचारले, तुमच्याकडे माणसे फार येतात ना? त्या रात्री मी रडले होते. एकाने काही केले नसताना सगळ्यांना त्याचा हिशोब द्यावा लागतो, हे किती वेळा मी स्टाफरूममध्ये तावातावाने बोलले असेन! आणि त्या पार्किंगमध्ये आम्ही सगळे एकाच कौमचे, एकाच सफमध्ये उभे राहणारे. तरी आम्हाला एक ‘गावाकडचा’ सापडलाच. तेव्हा हे काही मनात आले नाही. तेव्हा मनात एवढेच होते, की माझे नाव निघाले नाही, बरे झाले.

घरमालकाने त्यांना महिन्याची मुदत दिली.

सप्टेंबरात एका सकाळी पाचवीच्या वर्गशिक्षिका मला बोलवायला आल्या. ती मुलगी बाकावर डोके ठेवून पडली होती. तोंडातून लाळ, अंग घामाने भिजलेले. दोनदा उलटी झाली होती. “क्या हुआ बेटा?” तर म्हणाली, “टीचर, धुंधला दिखता.” तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. मी विचारले, घरात काही फवारले का? तिने मान हलवली. अब्बांनी गावाहून कपाशीचे औषध आणले होते. रात्री पलंगाला, गाद्यांना, भिंतींना मारले. पावसामुळे खिडक्या बंद होत्या. सगळे त्याच खोलीत झोपले.

वऱ्हाडातल्या माणसाला हे औषध काय असते ते सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो आजारी पडले. त्यानंतर सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलढाणा आणि वाशीम या जिल्ह्यांत काही कीटकनाशकांवर दोन महिने बंदीही घातली होती. मोकळ्या रानात माणूस मारणारे ते औषध दहा बाय बाराच्या खोलीत मारले गेले होते. कारण पेस्ट कंट्रोलवाल्याला द्यायला पैसे नव्हते आणि महिना संपत आला होता.

ऑटोनेच तिला दवाखान्यात नेले. डॉक्टरांना मी कपाशीचे औषध एवढेच सांगितले, त्यांनी लगेच ॲट्रोपिनची सुई लावली. तिची आई आणि धाकटा भाऊही संध्याकाळपर्यंत दाखल झाले. तिघेही वाचले, अल्लाहचा शुक्र. पण त्या दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून मी जो हिशोब केला, तो कोणत्याही परीक्षेत केला नव्हता. बैठकीत मी एक वाक्य बोलले असते तर? “आमच्याही घरात आहेत.” बस, एवढेच.

त्या रात्री मी सेक्रेटरी साहेबांच्या दारात गेले आणि ते वाक्य बोलले. जूनमध्ये अकोल्याला भावाच्या लग्नात बिछायतवाल्याच्या भाड्याच्या गाद्यांवर आम्ही चार रात्री झोपलो होतो, कदाचित मीच बॅगेतून आणले असतील, हेही सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मॅडम, हमारे यहाँ भी हैं. रमजान से हैं.” दोन दिवसांत बारापैकी सात घरांनी कबूल केले. ‘हमारे यहाँ तो नहीं’ म्हणणाऱ्या भाभी त्यांत होत्या.

इमारतीने वर्गणी काढली, तळमजल्याचा वाटा सगळ्यांनी उचलला. परवानाधारक माणूस बोलावून बाराही घरांत एकाच दिवशी फवारणी केली आणि अंड्यांतून निघणाऱ्या पिल्लांसाठी पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा. दर वेळी मुलांना दिवसभर बाहेर ठेवले. चादरी उकळल्या, पलंगाच्या आणि भिंतीच्या फटी बुजवल्या. पुढच्या मे महिन्यात नानीची पद्धत केली. सामान काळ्या प्लास्टिकमध्ये बांधून छतावर उन्हात टाकले. पन्नास अंशांच्या वरची उष्णता ढेकणाला आणि अंड्यालाही सोसत नाही आणि वऱ्हाडचे ऊन फुकट आहे. जाड गादीच्या पोटापर्यंत मात्र ती पोचत नाही, म्हणून गाद्यांचा कापूस पिंजून घेतला.

फवारणी चालू होती त्याच सुमारास मोबाइलवर पॅरिसच्या बातम्या येत होत्या. तिथे मेट्रोत, सिनेमागृहांत ढेकूण निघाले म्हणून हाहाकार उडाला होता. तिथल्या एका टीव्ही वाहिनीवर निवेदकाने विचारले, याला बाहेरून आलेले स्थलांतरित तर कारण नाहीत? मला आमचे पार्किंग आठवले. त्याच वर्षी जुलैत फ्रान्सच्या सरकारी आरोग्य संस्थेने सांगितले होते, की २०१७ ते २०२२ या काळात शंभरातल्या अकरा घरांत ढेकूण निघाले. घर गरिबाचे की श्रीमंताचे याचा त्याच्या येण्याशी संबंध नाही, त्याला घालवायला मात्र पैसे लागतात. आमच्या तळमजल्याची गोष्ट याहून वेगळी काय होती?

घरमालकाने मुदत मागे घेतली, पण ते कुटुंब राहिले नाही. डिसेंबरात त्यांनी दुसरीकडे खोली घेतली. जाण्यापूर्वी मी माफी मागायला खाली गेले. मी सांगायला सुरुवात केली, तेव्हा तिच्या आईने शिलाई मशीनवरचा हात थांबवला. म्हणाली, “मालूम था टीचर. मैंने देखी थी आपको, रात में छत पे गादी झटकते.”

“फिर मीटिंग में बोली क्यों नहीं?”

“आप बच्ची की टीचर हो. आपकी इज्जत जाती.”

मी काही बोलू शकले नाही. तिने चहा ठेवला, तो पिऊन वर आले.

मुलगी आता आमच्याच शाळेत सहावी पार करून पुढे गेली आहे. ढेकणाचा धडा अभ्यासक्रमात नाही, तरी मी दर वर्षी एक तास तो शिकवते. शेवटी विचारते, कोणाच्या घरी आहेत? पहिल्यांदा कोणीच हात वर करत नाही. मग मी माझा हात वर करते, सांगते, आमच्या घरी होते. हळूहळू दोन हात वर होतात, मग पाच, मग अर्धा वर्ग.